अडेनियम : आपल्या पावसात जपायचं कसं, फुलवायचं कसं

बागवेडी (ठाणे)

गच्चीवरच्या बागेच्या धाग्यावर अडेनियमचे (फुगीर बुंध्याचं, गुलाबी फुलांचं शोभेचं झाड) प्रश्न सारखे येतात आणि टोमॅटो-मिरचीच्या गर्दीत मागे पडतात. म्हणून हा स्वतंत्र धागा. ज्यांच्याकडे अडेनियम आहे त्यांनी आपापल्या गावच्या हवेसकट लिहा. नागपूरला जे चालतं ते रत्नागिरीत चालेलच असं नाही.

सुरुवात मी करते. अडेनियम ओबेसम मूळचं आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं. सहाराच्या दक्षिणेला सेनेगलपासून सुदान, इथिओपिया, सोमालियापर्यंतचा कोरडा पट्टा, खाली केनिया-टांझानिया, आणि तांबड्या समुद्रापलीकडे येमेन, ओमान, सौदी अरेबियाचा दक्षिण भाग. रेताड माळ, खडकाळ उतार, दगडांच्या फटी अशा ठिकाणी ते वाढतं. कुळ कण्हेरीचं. चाफा, तगर, सदाफुली, रुई ही सगळी त्याच कुळातली. फूल नीट बघितलं तर कण्हेरीशी असलेलं नातं लगेच कळतं.

मला सगळ्यात आधी हे सांगायचंय की हा निवडुंग नव्हे. फुगलेला बुंधा बघून लोक मे महिन्यात त्याला आठवड्याला कपभर पाणी घालतात आणि जूनमध्ये खुशाल पावसात सोडून देतात. करायला हवं बरोब्बर उलटं. मार्च ते मे हा त्याच्या वाढीचा आणि फुलण्याचा काळ. तेव्हा कुंडीतली वरची दोन बोटं माती कोरडी झाली की खालून निथळेपर्यंत पाणी द्यायचं. नुसत्या पाण्याने हे झाड जात नाही, ते जातं मुळाशी साचून राहिलेल्या ओलीने.

माझं मिश्रण असं: एक भाग बागेची माती, एक भाग जाड रेती, एक भाग विटांचे बारीक तुकडे किंवा सिंडर (जळलेल्या कोळशाचे खडे), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. कुंडी मातीची, पसरट, आणि तळाला मोठी भोकं. निव्वळ वाळूत लावू नका, वाळूत मुळांना खायला काही मिळत नाही. ऊन मात्र रोजचं पाच-सहा तास थेट हवंच. त्याशिवाय फूल नाही.

नाना_दापोली

ताई, धागा काढलात हे उत्तम केलंत. पण आमच्याकडे वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पडवीत ठेवावं तर ऊन मिळत नाही, फांद्या नुसत्या लांब लांब वाढतात आणि पानं फिकी पडतात. अंगणात ठेवावं तर कुजायची भीती. कोकणातल्या माणसाने हे झाड लावावं का, असा माझा सरळ प्रश्न आहे.

बागवेडी (ठाणे)

जरूर लावा, नाना. फक्त जून ते सप्टेंबर त्याच्या डोक्यावर पारदर्शक छप्पर हवं. गच्चीवर किंवा अंगणात बांबूच्या चार खुंट्यांवर पॉलिकार्बोनेटचा किंवा साध्या फायबरचा पत्रा टाका. उजेड येतो, पाऊस येत नाही, आणि चारी बाजूंनी वारा खेळता राहतो. हा वारा फार महत्त्वाचा आहे. प्लॅस्टिक गुंडाळून बंद केलं तर आतल्या दमटपणाने बुरशी धरते. आणि कुंडी कधीही थेट फरशीवर ठेवू नका. खाली दोन विटा ठेवा, म्हणजे भोकं मोकळी राहतात. पागोळ्यांखाली तर मुळीच नको, एका जागी धार पडून बुंध्याजवळची माती खणली जाते.

आरती_पुणे

माझं अडेनियम पाच-सहा वर्षांचं आहे. यंदा बुंधा दाबला तर मऊ लागतोय. पानं अजून आहेत पण लोंबलीत. सगळे म्हणतात कुजलं, फेकून दे. फेकायला जीव होत नाही. काय करू?

मातीवाला_सांगली

फेकू नका! आधी बघा की तहानेने मऊ झालंय की कुजून. दोन्हींत खूप फरक आहे.

तहानलेलं असेल तर बुंधा सगळीकडून सारखाच सैल लागतो, साल किंचित सुरकुतलेली दिसते, पण रंग तोच राहतो. मुळं शाबूत असली तर दोनदा भरपूर पाणी दिल्यावर आठवड्याभरात परत टणक होतो. उन्हाळ्यात हे नेहमी होतं.

कुजलं असेल तर एकाच बाजूला किंवा मातीलगत मऊ लागतं, अंगठा पिकलेल्या चिकूत जावा तसा आत जातो. साल तपकिरी-काळपट होते, दाबलं की पाणी येतं, वास येतो. तसं असेल तर एक दिवसही थांबू नका. झाड मुळासकट उपटा, माती झटका, धारदार स्वच्छ सुरीने कुजलेला भाग कापत जा. पांढरा-हिरवट निरोगी गर लागेपर्यंत कापायचं. एक तपकिरी ठिपका जरी राहिला तरी तिथून परत सुरू होतं. प्रत्येक कापाआधी सुरी स्पिरिटने पुसा. मग जखमेवर बुरशीनाशकाची पूड लावा आणि झाड सावलीत, वाऱ्यावर, आठ-दहा दिवस तसंच उघडं पडू द्या. हो, मातीशिवाय. त्याच्या बुंध्यात साठा असतो, काही होत नाही. जखम सुकून कडक झाली की कोरड्या मिश्रणात लावा आणि पुढचा आठवडाभर पाणी देऊ नका.

निम्म्याहून जास्त बुंधा कापून काढलेली झाडं माझ्याकडे आज फुलतायत.

आरती_पुणे

सुरकुत्या सगळीकडे आहेत आणि रंग ठीक आहे. म्हणजे तहानच दिसते. आजच पाणी देते. दादा, मनापासून आभार.

अनुजा_सलाला

मी ओमानच्या दक्षिणेला, सलालाला राहते. ही झाडं इथे डोंगरावर आपोआप उगवलेली आहेत, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ढोफार प्रांत अरबस्तानातला असूनही आपल्याच नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या वाटेवर आहे. साधारण जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत इथे 'खरीफ' असतो. आपल्यासारखा धो धो पाऊस नाही, पण समुद्रावरून धुकं येऊन डोंगरांना टेकतं आणि दिवसच्या दिवस भुरभुर चालू राहते. सगळे डोंगर हिरवेगार होतात. म्हणजे अडेनियमला पावसाळा अजिबात माहीत नाही असं नाही. फरक असा की इथे ते उतारावर, खडकांच्या फटीत उभं असतं. पडलेला थेंब मुळांपाशी थांबतच नाही, पुढे निघून जातो.

खरीफ संपला की महिनोन्महिने कोरडं. आणि त्या कोरड्या दिवसांत, मार्च-एप्रिलच्या सुमाराला, पान नसलेल्या राखाडी फांद्यांच्या टोकांना गुलाबी फुलांचे झुपके येतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी गाडी थांबवून उतरले. बुंधा जवळून बघितला तर तो खडकाच्या फटीचाच आकार घेऊन वाढलेला होता, एका बाजूला चपटा आणि दुसऱ्या बाजूला फुगून बाहेर आलेला. सालीवर इतक्या बारीक चिरा की हात फिरवला तर दगड कुठे संपतो ते कळू नये. फुलाच्या पाकळीची कड गडद गुलाबी आणि आत नळीकडे जाता जाता रंग फिका. कुंडीतल्या झाडांपेक्षा फूल लहान असतं, पण रंग अतिशय स्वच्छ.

याच प्रांतात डोंगरांपलीकडच्या कोरड्या बाजूला धुपाची झाडं आहेत, ज्यांचा डिंक हजारो वर्षं जगभर गेला. कोणी इकडे आलात तर दोन्ही बघा.

बागवेडी (ठाणे)

अनुजा, किती सुंदर लिहिलंस! आणि सगळ्यांच्या प्रश्नाचं उत्तरही यात आहे. आपल्याला कुंडीत तो उतार तयार करायचाय, बस. मी बुंधा मातीच्या पातळीपेक्षा थोडा वर घेऊन लावते आणि माती बुंध्यापासून कडेकडे उतरती ठेवते. वरून जाड खड्यांचा थर. पाणी बुंध्याशी थांबत नाही.

निसर्गवाचक

सोकोत्रा बेटाचा उल्लेख इथे व्हायला हवा. येमेनचं बेट, २००८ पासून जागतिक वारसा यादीत. तिथलं अडेनियम म्हणजे झुडूप राहतच नाही, अनेक फूट घेराचा फुगीर बुंधा असलेलं झाड होतं. वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, काही त्याला वेगळी जात मानतात, काही ओबेसमचीच उपजात. बाजारात 'थाई सोकोत्रानम' नावाने जी रोपं मिळतात ती थायलंडमध्ये निवडून वाढवलेली असतात, बेटावरून आणलेली नव्हेत. आणि 'अरेबिकम' म्हणून जे विकतात त्याचा बुंधा बुटका आणि पसरट होतो, बोन्साय करणाऱ्यांना ते आवडतं. दक्षिण आफ्रिकेतली मल्टिफ्लोरम जात तर त्यांच्या हिवाळ्यात फुलते, क्रुगर राष्ट्रीय उद्यानात लोक ती बघायला जातात.

इतिहासात_रमलेला

या झाडाचा आणि मुंबईचा एक धागा आहे, तो सांगतो.

डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानात एक मोहीम पाठवली. सहा जण होते. त्यातला वनस्पतींचा अभ्यासक पेअर फोर्सकोल, झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचा विद्यार्थी. येमेनमध्ये तो डोंगरोडोंगरी हिंडून झाडं गोळा करत होता, स्थानिक नावं विचारून लिहून घेत होता. जुलै १७६३ मध्ये येमेनमधल्याच येरीम गावी तापाने तो गेला. वय जेमतेम एकतीस.

त्याआधीच एकजण मोखा बंदरात वारला होता. उरलेले तिथून जहाजाने मुंबईला निघाले. वाटेत आणखी दोघे दगावले. डॉक्टर मुंबईत पोचून वारला. एकटा कार्स्टेन नीबूर वाचला. तो मोजणीदार आणि नकाशे काढणारा. वर्षाहून जास्त काळ तो मुंबईत राहिला, आणि त्या काळात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मापं घेऊन रेखाटनं केली. १७६४ च्या अखेरीस तो इथून मस्कतमार्गे परत निघाला आणि १७६७ मध्ये कोपनहेगनला पोचला. गेलेल्या मित्राची टिपणं त्याने सोडली नाहीत. १७७५ मध्ये ती त्याने छापून काढली. त्याच ग्रंथात या झाडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे, 'नेरियम ओबेसम' या नावाने, म्हणजे कण्हेरीच्याच प्रजातीत. अडेनियम ही वेगळी प्रजात १८१९ मध्ये झाली.

आपल्या कुंडीतल्या झाडाची पहिली नोंद मित्राच्या निष्ठेमुळे टिकली, हे मला फार मोलाचं वाटतं.

नाना_दापोली

घारापुरीचा संबंध निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. वाचून भरून आलं. धन्यवाद.

स्नेहल_आई

माझा मुलगा दोन वर्षांचा आहे, घरात मांजरही आहे. हे झाड विषारी आहे असं ऐकलंय. कितपत खरं?

डॉ_मृणाल

खरं आहे, स्नेहल. कण्हेरीसारखंच. पान, खोड, मूळ, फूल, बिया, सगळ्यांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स असतात. टांझानियातले हाडझा शिकारी आजही याचा चीक आटवून बाणाच्या टोकांना लावतात, त्यावरून अंदाज घे. आफ्रिकेत काही भागांत मासे धरायलाही वापरतात.

नुसतं कुंडीत असण्याने, शेजारून गेल्याने काही होत नाही. पण पोटात जायला नको. छाटणी करताना हातमोजे घाला, तो हात डोळ्याला लावू नका, छाटलेले तुकडे लगेच बांधून टाका. मुलाने किंवा मांजराने चावलंय असा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करत बसू नका. उलटी काढायचा प्रयत्नही नको. सरळ दवाखाना गाठा आणि झाडाचा फोटो किंवा तुकडा सोबत न्या. मुलगा मोठा होईपर्यंत कुंडी त्याचा हात पोचणार नाही अशा जागी ठेव. मांजर पानं चावणारं असेल तर मी म्हणेन की सध्या घेऊच नकोस.

आणि सगळ्यांनाच विनंती, आंतरजालावर याचे 'औषधी उपयोग' म्हणून जे फिरतं ते करून बघू नका.

प्रसाद_नवी_मुंबई

गडद लाल, तिहेरी पाकळ्यांचं म्हणून एका नर्सरीतून रोप आणलं. पहिल्या वर्षी तशी फुलं आली. आता साधी, एकेरी गुलाबी येतात. फसवलं का मला?

मातीवाला_सांगली

रोप कलमी असणार. खालचं खोड बीपासून वाढवलेलं साधं अडेनियम आणि वर तिहेरी फुलाची काडी. कलमाच्या जोडाखालून फुटलेल्या फांद्या तुम्ही वाढू दिल्या असतील तर त्या जोरकस असतात, वरच्या कलमाचं अन्न ओढतात आणि त्यांनाच फुलं येतात. बुंध्यावर जोडाची खूण शोधा, साल थोडी जाड किंवा आडवी रेघ असते. त्याखालची प्रत्येक फूट बोटाने मोडून काढा. वरची फांदी जिवंत असेल तर मूळ फूल परत दिसेल. ती मेली असेल तर उरलंय ते खालचं झाड, तेही छान वाढवा.

कलम का करतात तेही सांगतो. बी पेरलं की आईसारखंच फूल येईल याची खात्री नसते, प्रत्येक रोपाचं फूल निराळं. छाटाची फांदी लावली तर ती मूळ धरते, पण बुंधा तसा गोल फुगत नाही. म्हणून बुंधा बियांच्या झाडाचा आणि फूल कलमाचं.

वैदर्भी (अकोला)

आमच्याकडे पावसाची काळजी कमी आणि उन्हाची जास्त. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना पानांच्या कडा करपतात, पण झाड मजेत असतं. काळी प्लॅस्टिकची कुंडी तापून मुळं भाजतात, तेवढं टाळा. मातीची कुंडी घ्या किंवा कुंडीवर दुसऱ्या झाडाची सावली पडेल आणि शेंड्यावर ऊन येईल अशी मांडा. थंडीत पानं पिवळी होऊन गळली तर घाबरू नका, झाड विश्रांती घेतंय. तेव्हा पाणी अगदी कमी आणि खत बंद. छाटणी मी थंडी सरल्यावर, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात करते. कापलेल्या प्रत्येक टोकाखाली दोन-तीन फुटी निघतात, आणि फुलं फुटींच्या टोकाला येतात, म्हणून छाटल्याशिवाय भरगच्च फुलत नाही.

आरती_पुणे

छाटणी पावसाळ्यात केली तर?

वैदर्भी (अकोला)

नको गं. जखम ओली राहते, तिथून कुज खाली उतरते.

ग्रिलमधली_बाग

पानं रात्रीत गायब होतायत. आज सापडली, बोटभर जाड हिरवी अळी, डोक्यामागे दोन निळे डोळे असल्यासारखे ठिपके, शेपटीला शिंग. कोणतं औषध मारू?

निसर्गवाचक

औषध अजिबात मारू नका. ही कण्हेरीवरच्या हॉक मॉथ पतंगाची अळी. ते निळे ठिपके तिचे डोळे नव्हेत, शत्रूला घाबरवायची युक्ती आहे. कण्हेर, तगर, सदाफुली हे तिचं खाणं, अडेनियमही त्याच कुळातलं म्हणून चालतं. एक-दोन अळ्यांसाठी फवारणी कशाला? कागदावर उचलून जवळच्या तगरीच्या किंवा कण्हेरीच्या मोठ्या झुडपावर सोडा. तिचा जो पतंग होतो, हिरव्या-गुलाबी नक्षीचा, तो बघायला मिळणं भाग्याचं आहे. अडेनियमला पानं पंधरवड्यात परत येतात.

मातीवाला_सांगली

मी सहमत. पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी मात्र सोडू नका. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसायचे. लाल कोळी कोरड्या हवेत पानामागे येतो, पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला की बराच कमी होतो. नंतर संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, साबणाच्या थेंबासह.

नाना_दापोली

शेवटचा प्रश्न. इतकी फुलं येतात, पण शेंग एकही धरत नाही. बी घरचं करायचंय.

बागवेडी (ठाणे)

नाना, याचं फूल फार बंदिस्त असतं. नळीच्या आत परागकोशांचा शंकू होतो आणि पराग त्याच्या आत दडलेले. शिवाय एकाच झाडाचे पराग त्याच झाडाला बहुधा चालत नाहीत. म्हणून वेगवेगळ्या रोपांवरची दोन ताजी फुलं हवीत. सकाळी पाकळ्या एका बाजूने अलगद फाडा म्हणजे शंकू दिसेल. बारीक कुंचल्याच्या टोकाने किंवा टोकदार काडीने शंकूच्या आतला पिवळसर पराग घ्या आणि दुसऱ्या फुलातल्या परागकोशांच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीतून आत, खालच्या बाजूला लावा. सगळी फुलं लागत नाहीत, पाच-सहांवर करा.

लागलं की शिंगांच्या जोडीसारखी शेंग येते. तयार व्हायला दोन-तीन महिने तरी जातात. तिला मऊ जाळी किंवा दोरा सैलसर बांधून ठेवा, कारण तडकली की बिया उडून जातात. प्रत्येक बीच्या दोन्ही टोकांना रेशमी झुपके असतात. ते काढून बिया ओलसर रेतीमिश्रित कोकोपीटवर आडव्या ठेवा, वर माती अगदी नावापुरती. ताजी बी आठवड्याच्या आत उगवते. तुमच्याकडे शेंग मेपर्यंत तयार झाली तर पावसाआधीच पेरून रोपं पत्र्याखाली घ्या. उशीर झाला तर कागदाच्या पाकिटात कोरडी ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात पेरा. जास्त झाल्या तर मला चार बिया पाठवा, माझ्याकडचं पांढरं फूल तुमच्या गुलाबीशी जमवून बघायचंय.

नाना_दापोली

बिया नक्की पाठवतो. पत्ता खासगी निरोपात कळवा. फायबरचा पत्रा उद्या आणायला सांगितलाय.